कातळाखालची उष्णता: भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूऔष्णिक कामाचा मागोवा

४ मार्च १८५१ रोजी टॉमस ओल्डहॅम हे आयरिश भूवैज्ञानिक कलकत्त्यात रुजू झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण तोच आपला स्थापनादिन मानते. कंपनी सरकारला खडकांची हौस होती असे नाही. देशात आगगाडी येऊ घातली होती, तिला कोळसा लागणार होता आणि तो विलायतेहून आणणे परवडणारे नव्हते. दोनच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला पोचली. १८५४ मध्ये रूळ खाडी ओलांडून कळवा-मुंब्र्यावरून कल्याणला गेले. सर्वेक्षण आणि आपला लोहमार्ग एकाच गरजेपोटी जन्माला आले ते असे.

संस्थेच्या पावणेदोनशे वर्षांचा बराचसा इतिहास कोळसा, लोखंड, मँगनीज, नकाशे आणि भूकंप यांनी भरलेला आहे. त्यावर लिहिणारे अधिकारी लोक आहेत. या लेखात एका कोपऱ्यातलाच विषय घेतला आहे, तो म्हणजे जमिनीखालची उष्णता. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला तो परका नाही. सकाळी कळव्याहून निघून भिवंडीमार्गे वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी करून माणूस संध्याकाळच्या आत घरी येतो. तानसा नदीच्या पात्रात आणि काठावर गरम पाण्याची कुंडे आहेत, त्यांत अंग शेकून घेणाऱ्यांची रांग कधी तुटत नाही. पुढे पालघर जिल्ह्यात सातिवली, हालोली, कोकनेर. दक्षिणेला रायगडात पालीजवळचे उन्हेरे, महाडकडचे सव. रत्नागिरीत उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूर. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत साडेतीनशे किलोमीटरभर ही माळ पसरली आहे.

या झऱ्यांची शास्त्रीय मोजदाद सुरू झाली तीच मुळी परदेशी माणसाच्या हातून. जर्मन प्रवासी रॉबर्ट श्लागिनट्वाइट यांनी १८६४ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हिंदुस्थान आणि हिमालयपलीकडच्या प्रदेशातल्या ९९ गरम झऱ्यांची यादी छापली. ओल्डहॅम यांनी स्वतःही टिपणे गोळा केली होती, पण ती ग्रंथरूपात येण्याआधीच १८७८ मध्ये ते वारले. त्यांचे चिरंजीव रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम वडिलांच्याच संस्थेत नोकरीला होते. त्यांनी ती टिपणे संपादित केली आणि १८८२ मध्ये सर्वेक्षणाच्या ‘मेमॉयर्स’मध्ये सुमारे तीनशे झऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. याच रिचर्ड ओल्डहॅम यांनी पुढे १८९७ च्या आसाम भूकंपावर मोठा अहवाल लिहिला आणि १९०६ मध्ये भूकंपलहरींच्या नोंदींवरून पृथ्वीला निराळा गाभा असल्याचे दाखवून दिले. झऱ्यांची यादी करणे हे कारकुनी काम वाटते खरे, पण त्या पिढीला कारकुनी आणि विज्ञान यांच्यात भिंत घालायची सवय नव्हती.

त्यानंतर ऐंशी वर्षे या बाबतीत फारसे काही घडले नाही. इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटले, १९१३ पासून तिथे रीतसर वीज तयार होऊ लागली. त्याचा इथे कुणाला मोह पडला नाही. कोळसा मुबलक होता आणि गरम कुंडे देवस्थानांकडे होती. १९५४ मध्ये सर्वेक्षणाचे पी. के. घोष यांनी खनिज झऱ्यांवर लिहिले, तेही मुख्यतः औषधी पाणी म्हणून.

चक्रे फिरली ती साठीच्या दशकात. भारत सरकारने नेमलेल्या ‘हॉट स्प्रिंग कमिटी’चा अहवाल १९६८ मध्ये आला आणि गरम झऱ्यांकडे ऊर्जेचे साधन म्हणून पाहावे, असे सरकारी कागदावर प्रथमच आले. १९७३ मध्ये लडाखच्या पुगा खोऱ्यात संस्थेने खोदकाम सुरू केले. समुद्रसपाटीपासून ४,४०० मीटर उंचीवर पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळते. तिथे रिग चढवणे, डिझेल पोचवणे आणि हिवाळा यायच्या आत माणसे खाली आणणे, हा प्रत्येक मोसमाचा उद्योग होऊन बसला. एकूण ३४ बोअर घेतल्या गेल्या, सर्वांत खोल ३८५ मीटरच्या घरात. तळाशी १४० अंशांपर्यंत तापमान मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाचा नळ आवळला आणि पुगाच्या अहवालांना दिल्लीत एकाएकी वाचक मिळाले.

याच काळात संस्थेची दारे बाहेरच्या जगाकडे उघडली. भूऔष्णिक विद्या तोवर मूठभर देशांकडे होती: इटली, न्यूझीलंड, आइसलँड, जपान, अमेरिका. संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये पिसा आणि १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे परिषदा भरवल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत सर्वेक्षणाचे व्ही. एस. कृष्णस्वामी यांनी भारतातल्या भूऔष्णिक प्रांतांचा आढावा मांडला. हिमालय, सोहना, खंबात, सोन-नर्मदा-तापी, पश्चिम किनारा, गोदावरी, महानदी ही आज पाठ्यपुस्तकात येणारी विभागणी त्याच काळात घडत गेली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत आली, उपकरणे आली, आणि हिमाचलातल्या पार्वती खोऱ्यात काम वाढले.

पार्वती खोऱ्याच्या एका शोधनिबंधापाशी मला थोडे थांबायचे आहे. १९८३ मध्ये ‘जिओथर्मिक्स’ या नियतकालिकात तो आला. लेखक चार: न्यूझीलंडचे वेर्नर गिगेनबाख, व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे रोबर्तो गोन्फियान्तिनी, अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे आल्फ्रेड ट्रूस्डेल आणि आपल्या सर्वेक्षणाचे बी. एल. जांगी. सहकार्याचे करार पुष्कळ होतात, पण फळले की नाही हे अशा निबंधांच्या लेखकयादीवरून कळते. गिगेनबाख यांच्या नावाची एक बाटली आजही जगभर वापरतात. काचेची निर्वात बाटली, आत कॉस्टिक सोड्याचे द्रावण. झऱ्यातून येणारे बुडबुडे तिच्यात घेतले की कार्बन डायऑक्साइड आणि कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड द्रावणात विरघळतात. वरच्या मोकळ्या जागेत उरतात नायट्रोजन, हेलियम, आरगॉन असे थोडके वायू, आणि पाणी किती खोलवरून, कशातून आले याची साक्ष हेच थोडके वायू देतात. ट्रूस्डेल यांनी १९७३ मध्ये रॉबर्ट फूर्निए यांच्यासह सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांच्या प्रमाणावरून खोलवरचे तापमान काढायचे सूत्र दिले होते. लाखो रुपये खर्चून बोअर घेण्याआधी पाण्याच्या एका कॅनवरून खालचा अंदाज घेण्याची ही सोय झाली. ते सूत्र शोधणारा माणूस मणिकरणच्या पाण्यावर आपल्या भूवैज्ञानिकाबरोबर लिहीत होता, याचे अप्रूप संस्थेच्या इतिहासात नोंदले जावे.

मणिकरणला दोन लहान प्रयोगही झाले. गरम पाण्यावर चालणारे साडेसात टनांचे शीतगृह उभारले, आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेबरोबर पाच किलोवॅटचा वीजसंच बसवला. दरड कोसळली आणि वीजसंच बंद पडला. पाच किलोवॅट म्हणजे आजच्या हिशेबात एका बंगल्याच्या छपरावरचे सौर पॅनल, पण देशात जमिनीच्या उष्णतेवर तयार झालेल्या विजेचा ओनामा तोच.

आता आपला कोकण. इथली गोष्ट हिमालयाइतकी नाट्यमय नाही, म्हणूनच तिच्यात शिकण्यासारखे अधिक आहे. वज्रेश्वरीच्या खाली ज्वालामुखी आहे, अशी समजूत अजूनही कानावर येते. दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली. पारसिकच्या डोंगराचा काळा कातळ हा त्याचाच थर, आणि त्याच्या पोटात कुठलाही निखारा शिल्लक नाही. सह्याद्रीवर पडलेला पाऊस भेगांतून मुरतो, बसाल्टच्या खालच्या जुन्या कठीण खडकापर्यंत उतरतो, खोलीबरोबर वाढणाऱ्या नैसर्गिक उष्णतेने तापतो आणि किनाऱ्याला समांतर असलेल्या भ्रंशांतून वर येतो. गणेशपुरी-अकलोलीला तो पन्नास अंशांच्या आसपास बाहेर पडतो, सर्वांत गरम अशा खेडजवळच्या उन्हवऱ्याला सत्तरच्या आसपास.

सर्वेक्षणाच्या नागपूरच्या मंडळींनी या पट्ट्यात नकाशे केले, पाणी तपासले, बोअर घेऊन खोलीनुसार तापमान मोजले. बोअर खणली आणि लगेच थर्मामीटर सोडला असे चालत नाही. ड्रिलिंगच्या पाण्याने खडक थंड झालेला असतो, तो मूळ तापमानावर येईपर्यंत वाट पाहावी लागते आणि मग तारेला बांधलेला संवेदक थांबत थांबत खाली न्यावा लागतो. यू. एल. पितळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये पश्चिम किनारपट्टीच्या कामाचा आढावा प्रसिद्ध केला, आणि पी. बी. सारोळकरांनी २००५ मध्ये तुर्कस्तानातल्या अंताल्या येथील जागतिक परिषदेत या झऱ्यांचे रसायनशास्त्र मांडले. अडचण मिठाची होती. कोकणातल्या झऱ्यांच्या पाण्यात सोडियम क्लोराइड भरपूर आहे. ते समुद्राचे पाणी मिसळल्याने आले की खालच्या खडकातून, यावर मतभेद होते, आणि समुद्राचे मानले तर ट्रूस्डेल-फूर्निए पद्धतीची सूत्रे फसवतात. निरनिराळ्या सूत्रांनी खोलवरचे तापमान साधारण शंभर ते दीडशे अंशांच्या दरम्यान निघत राहिले. त्या काळच्या टर्बाइनला कोरडी, जोरकस वाफ लागे. तेव्हा कोकणाबद्दलचा निष्कर्ष थोडक्यात असा की वीज करण्याइतकी उष्णता हाताशी नाही, इतर वापराला चालेल.

हा नकार मला संस्थेच्या कामगिरीतला मोठा भाग वाटतो. सरकारी खात्याला ‘प्रचंड क्षमता’ असे लिहून मोकळे होणे सोपे असते. सर्वेक्षणाने आकडे लिहून ठेवले, आणि १९९१ मध्ये भारताच्या भूऔष्णिक साधनांचा ग्रंथ आणि नकाशासंग्रह काढला तेव्हा त्यात पुगाच्या शेजारी आपले सातिवली आणि गणेशपुरीही आपापल्या मापाने बसले. तक्रार असेल तर एकच: हे सारे इंग्रजीत आणि अशा भाषेत की तानसाकाठच्या ग्रामपंचायतीला त्याचा पत्ता लागू नये.

कोकणाचा पुढचा अध्याय संस्थेबाहेर लिहिला गेला. पवईच्या आयआयटीतले डोर्नाडुला चंद्रशेखरम यांनी इटालियन शास्त्रज्ञांना या झऱ्यांवर आणले. फ्लॉरेन्सचे अँजेलो मिनिसाले आणि ऑर्लान्डो वासेली, पिसाच्या गाब्रिएला माग्रो आणि इतर सहकारी यांच्यासह त्यांनी कोकण आणि तापी खोऱ्यातले पाणी व वायू तपासले. तो निबंध २००० मध्ये ‘अर्थ अँड प्लॅनेटरी सायन्स लेटर्स’मध्ये आला. ज्वालामुखी नसलेल्या जुन्या, स्थिर भूखंडातले गरम पाणी असते कसे, याचा तो अभ्यास होता. चंद्रशेखरम यांनी जर्मन शास्त्रज्ञ योखेन बुंडशू यांच्याबरोबर २००८ मध्ये कमी तापमानाच्या साधनांपासून वीज कशी करावी यावर पुस्तकही लिहिले, आणि भारतातल्या किरणोत्सारी उष्णता देणाऱ्या ग्रॅनाइटकडे ते सातत्याने बोट दाखवत राहिले.

इथून विषय बदलतो. झरा असलेल्या जागीच उष्णता शोधायची ही जुनी रीत. नवी रीत म्हणते, पाच किलोमीटर खाली सगळीकडेच गरम खडक आहे. पाणी नसेल तर आपण घालू. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेने सत्तरच्या दशकात न्यू मेक्सिकोतल्या फेंटन हिल येथे हे पहिल्यांदा करून पाहिले. दोन खोल विहिरी, पाण्याच्या दाबाने त्यांच्यामधला खडक फोडायचा, एकीतून गार पाणी सोडायचे आणि दुसरीतून तापलेले काढायचे. १९८० पासून पश्चिम जर्मनी आणि जपान यांनी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली खर्चाचा वाटा उचलला आणि आपली माणसे तिथे ठेवली. दुसऱ्या टप्प्यात खडकाने सर्वांना चकवले. भेगा अपेक्षित दिशेला गेल्याच नाहीत, दोन विहिरी जुळेनात, शेवटी एक विहीर पुन्हा वळवून खणावी लागली. जर्मन आणि जपानी मंडळी ते पाहून घरी परतली आणि त्यांनी आपापले प्रयोग अधिक सावधपणे आखले. फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवर सूल्झ येथे १९८७ पासून दोन्ही देशांनी युरोपीय समुदायाच्या पैशातून काम चालवले, पाच किलोमीटरवर दोनशे अंश गाठले, आणि वीस वर्षांनंतर दीड मेगावॉटच्या आसपास वीज सुरू केली. सूल्झची जागा सापडली कशी? जवळच्या जुन्या तेलक्षेत्रातल्या बोअरमध्ये कुणीतरी तापमान लिहून ठेवले होते म्हणून.

या रीतीचा धोकाही लगेच पुढे आला. डिसेंबर २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहराखाली पाणी दाबताना ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियातल्या पोहांग येथे युरोपीय गटही प्रयोगात सामील होता. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी तिथे ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि परदेशी तज्ज्ञ असलेल्या चौकशीने २०१९ मध्ये त्याचा दोष भूगर्भात दाबलेल्या पाण्याला दिला.

महाराष्ट्राला हे वाचून कोयना आठवल्याशिवाय राहत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे शिवसागर जलाशयाच्या परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पाण्यामुळे चाळवलेल्या भूकंपांचे जगातले सर्वांत अभ्यासलेले उदाहरण ते. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भूभौतिकशास्त्रज्ञांनी त्यावर आयुष्य घातले. मार्च २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय खंडीय वैज्ञानिक खोदाई कार्यक्रमाची कार्यशाळा हैदराबाद आणि कोयनेला भरली, निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ आले, आणि त्यांच्या चर्चेतून खोल बोअरची योजना ठरली. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडजवळ हजारमाचीला बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा काढली. गोठणे येथे डिसेंबर २०१६ ते जून २०१७ मध्ये तीन किलोमीटरची पथदर्शी बोअर झाली. सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. ही संस्था भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची नाही, तिचा हेतूही भूकंप हाच. तरी सह्याद्रीखालच्या ग्रॅनाइटचे तापमान, ताण आणि भेगा यांची तिथली मापे कोकणात उष्णतेसाठी खोल जाऊ पाहणाऱ्याला वाचावीच लागतील. गरम कोरड्या खडकाच्या जागतिक सहकार्यात महाराष्ट्राने काय द्यावे, असे कुणी विचारले तर पाणी आणि भूकंप यांच्या नात्याचा हा अनुभव, असे मी म्हणेन. तो पैशाने विकत मिळत नाही.

दरम्यान काही बाबतीत जग कोकणाच्या दिशेने सरकले. अलास्कातल्या चेना गरम झऱ्यांवर २००६ पासून फक्त ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते. पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणारा द्रव फिरवतात आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन चालवतात. मग उन्हवऱ्याला का नाही? उत्तर गार बाजूला आहे. अलास्कात यंत्र थंड करायला पाच अंशांचे पाणी मिळते, कोकणात ते अठ्ठावीसचे. उष्णतेचे विजेत रूपांतर करण्याची कमाल सैद्धांतिक मर्यादा तिथे वीस टक्क्यांच्या जवळ जाते, इथे बारावर अडते, आणि प्रत्यक्ष यंत्र तर त्याच्या निम्म्यावरही कष्टाने पोचते. कळव्याच्या ४०० केव्ही उपकेंद्रातून जी वीज पुढे जाते, तिच्यात गणेशपुरीचा वाटा नजीकच्या काळात दिसणार नाही, हे स्पष्ट म्हटलेले बरे.

वापर मात्र आहेत. मणिकरणचे शीतगृह पन्नास-सत्तर अंशांच्या पाण्याने काय होऊ शकते याची दिशा दाखवते. रत्नागिरीचा हापूस, सुकी मासळी, कोकम, काजूगर यांना वाळवण किंवा गारवा लागतो, आणि दोन्ही गोष्टी उष्णतेने साधतात. पावसाळ्यात उन्हात वाळवणे बंद पडते, तेव्हा कुंडाचे पाणी गरमच असते.

सर्वेक्षणाने २०२२ मध्ये नकाशासंग्रहाची नवी आवृत्ती काढली, तिच्यात ३८१ उष्ण ठिकाणे आहेत, आणि देशाची क्षमता १०,६०० मेगावॉटच्या आसपास धरली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने राष्ट्रीय भूऔष्णिक धोरण जाहीर केले. इमारती गार ठेवणारे भूउष्मा पंप, टाकून दिलेल्या तेलविहिरींचा पुनर्वापर, खडक फोडून केलेल्या कृत्रिम प्रणाली आणि परदेशी भागीदारी, हे सारे त्यात आहे. पुगा खोऱ्यात ओएनजीसीने २०२१ च्या करारानंतर आइसलँडच्या तज्ज्ञांना घेऊन काम हाती घेतले. हिमालयाला गुंतवणूकदार मिळतील असे दिसते.

कोकणापुढचे प्रश्न निराळे आहेत. इथली कुंडे देवस्थानांची, गावांची आणि रोज अंघोळीला येणाऱ्यांची आहेत. जवळच खोल बोअर घेतली आणि कुंडाचा प्रवाह आटला तर भरपाई कोणाला आणि कशाच्या आधारावर? त्यासाठी कुंडाची आजची धार, तापमान आणि पाण्याची पातळी आधी सलग काही वर्षे मोजलेली हवी. सर्वेक्षणाच्या जुन्या बोअरच्या नोंदी त्या मोजणीचा आरंभबिंदू होऊ शकतात. त्या ठाणे, पालघर, रायगड आणि रत्नागिरीच्या जिल्हा परिषदांना मराठीत उपलब्ध करून देणे आणि प्रत्येक कुंडावर एक साधा नोंदयंत्र-संच बसवणे, हे काम संस्थेने शतकोत्तर अमृतमहोत्सवी वर्षात हाती घ्यावे, अशी या भागातल्या आम्हा लोकांची मागणी आहे. त्याला ना परदेशी कर्ज लागते ना खोल रिग.